गोळाफेकीची उस्ताद

5 ऑक्टोबर 2019. कतारची राजधानी दोहा. खलिफा आंतरराष्ट्रीय स्टेडियमवर जागतिक मैदानी स्पर्धेतील पुरुषांच्या गोळाफेकीची अंतिम फेरी रंगात आली होती. न्यूझीलंडच्या टॉम वॉल्शने पहिल्याच फेकीत 22.90 मीटर अंतर गाठून बाकीच्यांना घाम फोडला होता. जागतिक स्पर्धेतील आधीचा विक्रम 22.23 मीटरचा होता आणि तो 1987 सालापासून कोणाला मोडता आला नव्हता. अमेरिकेचा जो कोव्हॅक्स पाच फेकींनंतर 21.95 मीटरवर, म्हणजे चौथ्या क्रमांकावर होता. पदकाच्या यादीत त्याचे नाव नव्हते. उरली होती फक्त सहावी फेक.

त्या सहाव्या फेकीत गोळा 22.91 मीटरवर पडला. त्यानंतर ऑलिंपिक विजेता रायन क्राउझर वर्तुळात आला आणि त्यानेही आपल्या शेवटच्या फेकीत 22.90 मीटर गाठले. वॉल्शला आपल्या पहिल्या फेकीपुढे जाता आले नाही. सुवर्ण 22.91, रौप्य 22.90, कांस्य 22.90. करंगळीच्या नखाएवढ्या अंतरात तिन्ही पदके बसली. गोळाफेकीच्या इतिहासातील ही सर्वांत चुरशीची स्पर्धा मानली जाते.

जगाने कोव्हॅक्सचे नाव घेतले. कोव्हॅक्सने आपल्या प्रशिक्षकाचे नाव घेतले. ती प्रशिक्षक म्हणजे त्याची पत्नी, अ‍ॅशली कोव्हॅक्स. ओहायो राज्याच्या कोलंबस शहरातील ओहायो स्टेट विद्यापीठात ती गोळा, थाळी आणि हातोडा फेकायला शिकवत होती. नवरा तिचा शागिर्द होऊन जेमतेम काही महिने झाले होते.

आपल्या मासिकाच्या वाचकांना गोळाफेकीची आवड असेलच असे नाही. पण एक बाई एका अवघड हुनरमध्ये उस्ताद कशी होते, तिच्या हाताखाली मुली कशा घडतात, आणि घरातला पुरुष तिच्याकडून शिकण्यात कमीपणा कसा मानत नाही, हे सर्व आपल्याही घरांच्या कामाचे आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

कॉलेजातला फेकीचा प्रशिक्षक

आपल्याकडे शाळा-कॉलेजात एकच क्रीडाशिक्षक कबड्डीपासून कॅरमपर्यंत सर्व काही बघतो. अमेरिकेत तसे नाही. तेथील मोठ्या विद्यापीठांच्या मैदानी संघात धावण्याचा प्रशिक्षक वेगळा, उड्यांचा वेगळा आणि फेकीचा वेगळा. फेकीच्या प्रशिक्षकाकडे गोळा, थाळी, हातोडा आणि बहुतेक ठिकाणी भालाही असतो. हिवाळ्यात बंदिस्त सभागृहात स्पर्धा होतात. तेथे हातोड्याऐवजी एक जड वजन फेकतात, पुरुषांसाठी सुमारे 15.88 किलोचे आणि स्त्रियांसाठी 9.07 किलोचे. वसंत ऋतू आला की उघड्या मैदानावरचा हंगाम सुरू होतो. जूनमध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा. त्यानंतर ज्यांची कुवत असेल ते देशाच्या संघासाठी झगडतात.

या प्रशिक्षकाचे काम वर्तुळाच्या कडेला उभे राहून ‘शाबास’ म्हणण्यापुरते नसते. देशभरातील हायस्कुलांत कोण मुलगा, कोण मुलगी किती लांब फेकते यावर नजर ठेवायची. त्यांच्या घरी बोलायचे, आईवडिलांना विश्वास द्यायचा. संघाला मिळणाऱ्या मोजक्या शिष्यवृत्त्यांतून किती कोणाला द्यायची, याचा हिशेब बसवायचा. 2024-25 पर्यंत पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठात पुरुषांच्या संपूर्ण मैदानी संघासाठी 12.6 आणि स्त्रियांच्या संघासाठी 18 पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. धावपटू, उडीपटू आणि फेकपटू मिळून तीस-चाळीस जणांत त्या वाटायच्या. त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला अर्धी-पाव शिष्यवृत्तीच येई. नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही. मुले शिकायला आलेली आहेत, हे तेथे कायद्याने लक्षात ठेवावे लागते. वर्गातले गुण घसरले तर खेळताही येत नाही. म्हणजे प्रशिक्षकाला अभ्यासाचीही खबर ठेवावी लागते.

अ‍ॅशली हे सर्व विद्यार्थिनी म्हणून आधी जगली होती. तेव्हा तिचे आडनाव मफेट होते. केंटकी विद्यापीठाच्या संघातून ती फेकीच्या स्पर्धांत उतरत असे. ऑलिंपिकपर्यंत ती पोहोचली नाही. खेळातली कारकीर्द संपली तेव्हा तिने शिकवण्याचा रस्ता धरला. फार मोठा खेळाडूच मोठा उस्ताद होतो असा आपला समज असतो. पण ज्याला एखादी गोष्ट सहज येते, त्याला ती कशी येते हे पुष्कळदा सांगता येत नाही. ज्याने ती घासूनपुसून, पायरी-पायरीने मिळवलेली असते, त्याला प्रत्येक पायरी ठाऊक असते. वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही हे पटेल.

सात किलोचा गोळा आणि एका क्षणाचे गणित

पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा, स्त्रियांचा 4 किलोचा. वर्तुळाचा व्यास 2.135 मीटर, म्हणजे एका लहान खोलीत अंथरलेल्या जाजमाएवढी जागा. तेवढ्या जागेत सर्व काही दीड-दोन सेकंदांत उरकायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की दंडात जोर असला की झाले. प्रत्यक्षात जोर जमिनीपासून निघतो. पाय, मांड्या, कंबर, पाठ, खांदा, हात आणि शेवटी बोटे अशा क्रमाने तो वर चढत जातो. मधली एक कडी घाईने पुढे गेली की मागचा सगळा जोर वाया जातो.

फेकण्याच्या दोन पद्धती आहेत. एकात खेळाडू पाठ फिरवून वाकतो आणि सरकत पुढे येतो. ही पद्धत अमेरिकेच्या पॅरी ओब्रायनने 1950 च्या दशकात रूढ केली आणि 1952 व 1956 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके घेतली. दुसरीत खेळाडू थाळीफेकपटूसारखा गरकन फिरतो. सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र बारिश्निकोव्हने 1976 साली याच पद्धतीने 22 मीटरचा विश्वविक्रम केला. कोव्हॅक्स फिरणाऱ्यांपैकी. फिरण्यात वेग जास्त मिळतो, पण तोल जाण्याची भीतीही जास्त. पाऊल कडेच्या लाकडी पट्टीच्या वर पडले की फेक बाद.

गोळा सुमारे 37 अंशांच्या कोनात सुटावा लागतो. शाळेत आपण शिकतो की 45 अंशांत वस्तू सर्वांत दूर जाते. मग येथे कमी का? एक तर गोळा जमिनीवरून सुटत नाही, दोन मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सुटतो. दुसरे म्हणजे माणसाचे शरीर सरळ वर ढकलण्यापेक्षा पुढे ढकलताना जास्त वेग देऊ शकते. आणि या खेळात खरा राजा वेग आहे. 22 मीटरच्या फेकीत गोळा सेकंदाला साधारण 14 मीटरच्या वेगाने हातातून निघतो. त्यात सेकंदाला दहा सेंटिमीटर इतकी नुसती भर पडली तरी गोळा पाव मीटरहून अधिक लांब जातो. प्रशिक्षकाची नजर ती एवढीशी भर शोधत असते. डावे पाऊल किंचित उशिरा टेकते आहे का, नजर लवकर वळते आहे का, उजवा गुडघा थांबतो आहे का. तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायचा. शंभर दोष दिसले तरी त्यातला एकच सांगायचा. बाकीचे मनात ठेवायचे. शागिर्दाला एका वेळी एवढेच पेलते.

आई, उस्ताद आणि बायको

जो कोव्हॅक्सचा जन्म 1989 सालचा. तो पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या बेथलेहेम आणि नाझरेथ या जोडगावांच्या भागात वाढला. हजरत ईसा (अ.) यांच्या भूमीची ही नावे तेथे स्थायिक झालेल्या ख्रिश्चनांनी मोठ्या श्रद्धेने आपल्या नव्या गावांना दिली. जो सात वर्षांचा असताना त्याचे वडील कर्करोगाने गेले. आई जोअ‍ॅना स्वतः शाळेत असताना फेकीच्या स्पर्धांत खेळलेली होती. मुलाच्या शाळेला धावपट्टी असलेले मैदान नव्हते. तेव्हा आईने मोकळ्या गाडीतळावर त्याला गोळा आणि थाळी फेकायला शिकवले. यतीम मुलाच्या हातात आईने हुनर ठेवले, आणि त्याच हुनरच्या जोरावर तो पेन स्टेट विद्यापीठात गेला.

पुढे त्याला आर्ट व्हेनेगास यांच्यासारखा नावाजलेला उस्ताद मिळाला. व्हेनेगास यांनी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात अनेक वर्षे फेक शिकवली. गोळाफेकीत तीनदा विश्वविजेता झालेला जॉन गोडिना त्यांचाच शिष्य. कॅलिफोर्नियातील चुला व्हिस्टा येथील प्रशिक्षण केंद्रात त्यांच्या हाताखाली कोव्हॅक्स 2015 साली बीजिंगमध्ये विश्वविजेता झाला. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याला रौप्यपदक मिळाले, 2017 च्या जागतिक स्पर्धेत पुन्हा रौप्य.

मग उतरण सुरू झाली. 2018 च्या अखेरीस अ‍ॅशलीशी लग्न करून तो कोलंबसला आला. जुना उस्ताद देशाच्या दुसऱ्या टोकाला राहिला. 2019 च्या सुरुवातीला त्याची फेक इतकी मागे पडली की निवृत्तीचा विचार मनात घोळू लागला. हे त्याने नंतर मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितले आहे. ऑलिंपिक आणि जागतिक पदकांच्या मंचावर उभा राहिलेला तिशीच्या उंबरठ्यावरचा पुरुष, आणि त्याची बायको रोज विद्यापीठात जाऊन नेमकी तीच विद्या विद्यार्थ्यांना शिकवते! त्याने आपली तालीम तिच्या हाती सोपवली.

हे वाचायला सोपे वाटते. पण घरात डोकावून पाहा. नवऱ्याने बायकोला गाडी चालवायला शिकवायचे म्हटले तरी दोघांत अबोला होतो. येथे तर बायकोने नवऱ्याला सांगायचे होते की तुझे पाऊल चुकते आहे. आणि ज्याच्या नावावर जगज्जेतेपद आहे अशा नवऱ्याने ते ऐकून घेऊन पुन्हा वर्तुळात उभे राहायचे होते. अ‍ॅशलीने त्याच्या फेकीचा पाया पुन्हा बांधला आणि हरवलेला भरवसा परत मिळवून दिला. काही महिन्यांत तो दोह्याला पोहोचला. मैदानी स्पर्धेत प्रशिक्षकांना गॅलरीत ठरावीक जागी बसावे लागते. फेकींच्या मध्ये खेळाडू कठड्यापाशी जाऊन दोन शब्द बोलू शकतो. चौथ्या क्रमांकावर असलेला कोव्हॅक्स शेवटच्या फेकीसाठी वर्तुळात गेला, तेव्हा त्या कठड्यामागे त्याची बायको होती.

22.91 मीटर ही 1990 नंतरची जगातली सर्वांत लांब फेक होती.

मशवरा

येथे आपल्याला सीरतमधील एक प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. हिजरी सन 6 मध्ये हुदैबियाचा तह झाला. उमरा न करताच परत फिरायचे, हे सहाबांना फार जड जात होते. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी कुर्बानी करून मुंडण करण्यास सांगितले, तरी दुःखाने सुन्न झालेले लोक जागचे हलेनात. तेव्हा हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी मशवरा दिला की आपण कोणाशी काही न बोलता बाहेर जावे, आपली कुर्बानी करावी आणि मुंडण करवून घ्यावे. प्रेषितांनी तसेच केले. ते पाहून सर्व जण उठले आणि प्रत्येकाने तसेच केले. सहीह बुखारीत हा प्रसंग आला आहे.

एका खेळाडूच्या पदकाची आणि या प्रसंगाची बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. पण कठीण वेळी पत्नीचा सल्ला ऐकणे ही आपल्यासाठी बाहेरून आलेली फॅशन नाही, एवढे तरी यातून कळावे. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून तर मोठमोठे सहाबा दीन शिकले. तेव्हा स्त्रीकडून पुरुषाने शिकावे का, हा प्रश्न आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. आपणच तो पुन्हा पुन्हा अवघड करून ठेवतो.

खेळाबद्दलही तेच. प्रेषितांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती. पहिल्या वेळी त्या जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित जिंकले, असे अबू दाऊदच्या हदीसमध्ये आले आहे. आणि फेकण्याला अरबीत ‘रमी’ म्हणतात. हजच्या दिवसांत जमरातवर खडे मारण्याला आपण तोच शब्द वापरतो. कुरआनात तयारी ठेवण्यासंबंधी जो ‘कुव्वत’ हा शब्द आला आहे, त्याचा अर्थ सांगताना प्रेषितांनी ‘रमी’ हाच शब्द तीन वेळा उच्चारला, अशी सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे. उलेमांनी त्याचा अर्थ तिरंदाजी असा घेतला आहे. तरीही शरीर कमावणे, नेम साधणे, हात तयार करणे यांना आपल्या दीनमध्ये इज्जत आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

तिच्या हाताखालच्या मुली

अ‍ॅशलीची कारकीर्द नवऱ्याच्या पदकावर थांबत नाही. तसे असते तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. ओहायो स्टेटमध्ये तिच्या हाताखाली तयार झालेली अ‍ॅडलेड अक्विला 2021 साली गोळाफेकीत राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेती झाली आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या संघात निवडली गेली. त्याच ऑलिंपिकमध्ये जो कोव्हॅक्सने 22.65 मीटर फेकून रौप्यपदक मिळवले. एकाच प्रशिक्षिकेचे दोन शागिर्द, एक नवरा आणि एक विद्यार्थिनी, एकाच ऑलिंपिकमध्ये!

पुढे अ‍ॅशली टेनेसी राज्यातील नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात रुजू झाली. या वेळी घर बायकोच्या नोकरीमागे हलले आणि विश्वविजेता नवरा नव्या गावी नव्या वर्तुळात सराव करू लागला. सप्टेंबर 2022 मध्ये झुरिक येथे त्याने 23.23 मीटर फेक केली. तोपर्यंतच्या इतिहासात त्याहून लांब फक्त क्राउझरने फेकले होते. त्या वेळी कोव्हॅक्स 33 वर्षांचा होता. ज्या वयात बहुतेक खेळाडू बूट खुंटीला टांगतात, त्या वयात त्याने आयुष्यातील सर्वांत लांब फेक केली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत घरात जुळी बाळे आली होती. तेथेही कोव्हॅक्सने 22.15 मीटर फेकून सलग तिसरे ऑलिंपिक रौप्यपदक घेतले. ही फेकही शेवटच्या प्रयत्नातली. जमैकाच्या राजिंद्र कॅम्पबेलचे अंतरही तेवढेच भरले, पण कोव्हॅक्सची दुसरी सर्वोत्तम फेक सरस ठरली.

व्हँडरबिल्टमध्येच अ‍ॅशलीच्या मार्गदर्शनाखाली व्हेरोनिका फ्रेली ही मुलगी 2024 साली थाळीफेकीत राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेती झाली आणि पॅरिसला गेली. तिची गोष्ट पालकांनी नीट ऐकावी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिने समाजमाध्यमावर लिहिले की उद्या मी ऑलिंपिकमध्ये उतरणार आहे आणि माझ्याकडे घरभाड्यालाही पैसे नाहीत. फुटबॉलच्या मुलांवर कॉलेजे पैसा ओततात, आमच्या वाट्याला मात्र पुरेसे येत नाही, असे तिचे म्हणणे होते. ते वाचून फ्लेव्हर फ्लेव्ह हा गायक आणि टेनिसपटू सेरेना विल्यम्सचा पती अ‍ॅलेक्सिस ओहॅनियन हे दोघे पुढे आले आणि तिचे भाडे भरले गेले. जगातील सर्वांत श्रीमंत देशातही थाळीफेकीत पैसा नाही. जो या खेळात येतो, तो आवडीसाठी, शिक्षणासाठी आणि स्वतःची कुवत ओळखण्यासाठी येतो. हे आधीच समजून घेतले म्हणजे पुढे निराशा होत नाही.

एक कायदा आणि त्याची उलटी बाजू

अमेरिकेत मुलींना कॉलेजात खेळायला मिळते, त्यामागे 1972 सालचा एक कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कोणाला डावलता येणार नाही, असे तो सांगतो. त्या कायद्यात खेळाचे नावही नव्हते. पण त्याच्या आधाराने लाखो मुली मैदानावर आल्या. त्याआधी मुलींच्या कॉलेज संघांचे नव्वद टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक स्त्रियाच होत्या, कारण त्या कामाला पगार नव्हता की मान नव्हता. कायद्यानंतर पैसा आला, मान आला आणि त्याबरोबर पुरुषही आले. आज मुलींच्या संघांनाही स्त्री प्रशिक्षक निम्म्याहून कमी आहेत. पुरुष खेळाडूंना शिकवणाऱ्या स्त्रिया तर अगदीच मोजक्या. अ‍ॅशलीचे यश या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. जगज्जेत्या पुरुषाची प्रशिक्षक बाई असणे हे अमेरिकेतही रोजचे दृश्य नाही.

आपल्या अंगणात

फेकीचे खेळ आता आपल्याला परके राहिलेले नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारी यांनी 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत 16.32 मीटर फेकून रौप्यपदक आणले. दुष्काळी तालुक्यातून, एका हाताने अधू असलेला माणूस तेथवर पोहोचला. त्याच पॅरिसमध्ये पाकिस्तानच्या अर्शद नदीमने भाला 92.97 मीटर फेकून सुवर्ण घेतले आणि आपल्या नीरज चोप्राने रौप्य. त्या वेळी नीरजच्या आईने अर्शदही आपलाच मुलगा आहे अशा अर्थाचे उद्गार काढले आणि दोन्ही देशांच्या आयांनी डोळे पुसले.

पण आपल्या मुलींचे काय? शाळेत शिकवताना दरवर्षी एकच गोष्ट दिसते. पाचवी-सहावीत मैदानावर सर्वांत पुढे असणाऱ्या मुली नववीत आल्या की कडेच्या झाडाखाली बसू लागतात. कोणाचे घरून आलेले पत्र असते, कोणी स्वतःच नको म्हणते. दणकट बांध्याच्या मुलीला तर तिचे शरीर म्हणजे जणू गुन्हा असल्यासारखे वाटू लागते. नातेवाईक खाण्यावरून टोमणे मारतात, वर्गात नावे ठेवली जातात. गोळाफेक हा असा खेळ आहे की ज्यात त्याच बांध्याची गरज असते. ज्या शरीराची तिला लाज वाटायला लावली, त्याच शरीराचे तिला कौतुक ऐकायला मिळते. एखाद्या मुलीसाठी हे पदकापेक्षा मोठे असते.

पालकांच्या शंका आम्हाला ठाऊक आहेत. पहिली शंका पोशाखाची. गोळाफेकीला अंग उघडे टाकावे लागत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, ट्रॅक पँट आणि डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ यांत हा खेळ व्यवस्थित खेळता येतो. गोळा मानेला टेकवून धरायचा असतो, म्हणून स्कार्फची टोके आत खोचावीत एवढेच. बहरीनची धावपटू रुकय्या अल-गसरा 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हिजाबात धावली होती. अमेरिकेची इब्तिहाज मुहम्मद 2016 साली रिओत हिजाबात तलवारबाजी खेळली आणि संघाबरोबर कांस्यपदक घेऊन आली. तीही ड्यूक विद्यापीठाची विद्यार्थिनी होती.

दुसरी शंका खर्चाची. सतरा वर्षांखालील मुलींचा गोळा 3 किलोचा असतो. तो एकदा घेतला की वर्षानुवर्षे टिकतो आणि शाळेत बहुधा असतोच. महागडे बूट, रॅकेट, क्लब यांची गरज नाही. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत चुन्याने वर्तुळ आखले की सुरुवात होते. कोव्हॅक्सच्या आईने गाडीतळावर तेच केले होते. मात्र फेकीच्या रेषेत कोणी उभे राहणार नाही याची सक्त काळजी घ्यावी, आणि गोळा परत फेकून न देता चालत जाऊन आणावा. हा नियम पहिल्या दिवशीच शिकवायचा असतो.

तिसरी शंका, याने पुढे काय होणार? जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत शालेय स्पर्धा होतात. नियमात बसणाऱ्या खेळाडूंना दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत मिळते. आणि ज्या मुलीला पदक मिळणार नाही, तिच्यासाठीही अ‍ॅशलीचा रस्ता मोकळा आहे. बी.पी.एड. करून शाळेत क्रीडाशिक्षिका होता येते. पतियाळा येथे 1961 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाची पदविका घेता येते. आमच्या उर्दू आणि मराठी शाळांना आज स्त्री क्रीडाशिक्षिकांची फार गरज आहे. मैदानावर बाई उभी असली की कितीतरी पालकांचा विरोध आपोआप विरघळतो. शिक्षिका, डॉक्टर, नर्स यांच्या यादीत आता ‘प्रशिक्षिका’ हा शब्दही आपल्या मुलींच्या कानावर पडायला हवा.

आणि एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. मुलगी मैदानावर जायची असेल तर तिला सकाळी सोडायला बाप किंवा भाऊ लागतो. तिचा डबा जरा मोठा लागतो. ती हरून आली तर ‘सांगितले होते ना’ असे न म्हणणारे घर लागते. पत्नी एखादी गोष्ट आपल्यापेक्षा चांगली जाणत असेल, मग ती हिशेब असो, संगणक असो की मुलांचा अभ्यास, तर तिच्यापुढे बसून शिकण्यात शान जात नाही. 22.91 मीटर फेकणाऱ्याची गेली नाही.

या महिन्यात एक करून पाहा. आपल्या मुलीच्या शाळेत जा आणि विचारा की शाळेत गोळा आहे का, आणि तो शेवटचा कपाटातून कधी काढला होता. उत्तर काय मिळेल ते मिळो. विचारणारा पालक दिसला की कपाटाचे कुलूप निघते, एवढा अनुभव आहे. अल्लाहतआला आपल्या मुलींना सेहत, हिंमत आणि चांगले उस्ताद नसीब करो. आमीन.